घरांचे पुरस्कार ठरवताना त्या बाईलाही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबरचा पहिला सोमवार जागतिक अधिवास दिन म्हणून पाळतात. त्याच्या मागेपुढे परवडणाऱ्या घरांसाठी आणि बेघरांसाठी झटणाऱ्यांचे सत्कार होतात, पुरस्कार दिले जातात, आपल्या वर्तमानपत्रातही फोटो येतात. अशा एका समारंभाला मी गेले होते. तिथे जे पाहिलं आणि परतताना जे ऐकलं, ते चार लोकांपुढे यावं म्हणून हे पत्र.

मी १९८४ ते २०१९ अशी ३५ वर्षं महापालिकेच्या मराठी शाळांत शिकवलं. त्यातली बरीचशी भायखळा-माझगाव भागात गेली. त्या काळातल्या माझ्या एका विद्यार्थिनीची आई आता सत्तरी ओलांडलेली, मानखुर्दला राहते. मी त्यांना मावशी म्हणते, त्या मला बाई म्हणतात. त्या दिवशी मावशींना आणि त्यांच्याबरोबरच्या वीस-बावीस जणींना 'लाभार्थी महिला' म्हणून बसने आणलं होतं. चार वाजता हजर राहायला सांगितलेलं, कार्यक्रम सुरू झाला साडेसहाला. त्यांना मागच्या दोन रांगा दिल्या होत्या. भाषणं झाली, मानपत्राचं वाचन झालं, शाल-श्रीफळ झालं. शेवटी पाच जणींना वर बोलावून हातात तुळशीची कुंडी दिली आणि फोटो काढला. मावशी त्या पाचांत होत्या. जिना उतरताना कुंडी छातीशी धरून त्या मला म्हणाल्या, "बाई, बक्षीस कुणाला द्यायचं ते आम्हाला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी नाव सांगितलं असतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखादी गोष्ट घरी विसरून राहावी तसं त्या बोलल्या. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

ज्यांचा सत्कार झाला त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. त्यांनी आयुष्य या कामात घातलं आहे आणि शाल त्यांच्या खांद्यावर शोभत होती. संस्थेचं नाव मी लिहीत नाही, कारण या एकाच संस्थेकडे बोट दाखवायचं नाही. घरांचे पुरस्कार ठरतात त्या टेबलाभोवती रस्त्यावर झोपलेलं कुणी नसतं, एवढंच मला म्हणायचं आहे. आणि हे म्हणण्याआधी माझी स्वतःची एक चूक सांगणं भाग आहे, कारण घराचं बक्षीस मीही एकदा दिलं आहे.

१९८७ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी बेघरांच्या निवाऱ्यासाठी म्हणून जाहीर केलं होतं. त्यानिमित्त आमच्या शाळेत चौथीच्या मुलांची 'माझे घर' या विषयावर चित्रस्पर्धा घेतली. परीक्षक मीच होते. पहिलं बक्षीस, म्हणजे एक कंपासपेटी, मी ज्या चित्राला दिलं त्यात दोन डोंगर होते, मधून उगवणारा सूर्य, लाल कौलांचं घर आणि शेजारी नारळ. तो मुलगा डॉकयार्ड रोडजवळच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहायचा. मावशींच्या मुलीने कागदावर एक लांब आडवी रेघ ओढली होती. रेघेवर उभे गज, गजांना बांधलेलं निळं प्लास्टिक, खाली तीन विटांची चूल. आणि एका गजाला पिशवीत घालून टांगलेला शाळेचा गणवेश. कॉलरची दोन्ही टोकं, खिसा, खिशावरचं बटण, सगळं काढलं होतं तिने. बाकी चित्र घाईत उरकलेलं, गणवेश मात्र अगदी निगुतीने.

त्या चित्राखाली मी लाल पेनाने लिहिलं, 'विषय समजला नाही.'

पोरीने कागदाची चौघडी केली, दप्तरात ठेवली, काही बोलली नाही. पुढे दोन महिन्यांनी ती आठवडाभर शाळेत आली नाही म्हणून मी चौकशीला गेले. जनरल रजिस्टरमध्ये पत्ता होता एका दुकानाचा. दुकानदाराने समोर बोट दाखवलं. फूटपाथच्या कडेला रेलिंग होतं, निळं प्लास्टिक होतं आणि गणवेशाची पिशवी गजाला टांगलेली होती, जमिनीपासून हातभर वर, म्हणजे पाणी आलं तरी भिजू नये. पोरगी तापाने फणफणलेली. मावशींनी मला बसायला पाट दिला आणि समोरच्या इराण्याकडून चहा आणवला. त्या दिवसापासून मी कुठल्याही मुलाच्या चित्राखाली ते वाक्य लिहिलं नाही. पण बक्षीस द्यायचं राहिलं ते राहिलंच.

मावशी महिला मिलनच्या बचतीत होत्या. भायखळ्याच्या फूटपाथवरच्या बायकांनी १९८६ च्या सुमारास हे सुरू केलं. त्याच्या आदल्याच वर्षी स्पार्क या संस्थेच्या मदतीने इ वॉर्डातल्या, म्हणजे महापालिकेच्या भायखळ्याकडच्या विभागातल्या, फूटपाथवरच्या कुटुंबांची मोजणी झाली होती, सुमारे सहा हजार कुटुंबांची, आणि त्या कामात फूटपाथवरची माणसंच बरोबर होती. बचत कशी चालायची ते मावशींनी मला कितीदा सांगितलं असेल. लिहिता-वाचता कुणालाच येत नव्हतं. म्हणून प्रत्येकीच्या नावाची एक प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात रंगीत कागदाचे तुकडे. एका रुपयाला एक रंग, दोनला दुसरा, पाचाला तिसरा. रोज संध्याकाळी एक बाई दारोदार फिरायची. दार कुठलं, प्लास्टिकचा पडदा. कुणी रुपया द्यायची, कुणी आठ आणे, कुणी म्हणायची आज नाही. आज नाही म्हणणारीच्या पडद्याआड बाईने डोकावायचं, कुणी आजारी आहे का, नवरा मारतो का, चूल पेटली का. पैसे गोळा करण्याइतकंच ते डोकावणंही महत्त्वाचं होतं असं मावशी म्हणतात.

पुढे घर कसं हवं याच्या चर्चा व्हायच्या. जमिनीवर साड्या अंथरून त्या खोलीची मापं धरायच्या. इथे मोरी, इथे ओटा, आणि उंची एवढी हवी की पोटमाळा टाकता येईल, कारण लग्न झालेल्या मुलाने झोपायचं कुठे? ज्यांनी पंधरा-वीस वर्षं पायाशी गटार आणि डोक्याशी बस अशा जागेत संसार केला त्यांना घरात काय लागतं हे कुठल्या इंजिनिअरने शिकवायची गरज नव्हती. बचतीला लागल्यापासून साधारण वीस वर्षांनी मावशींना मानखुर्दला खोली मिळाली, २२५ चौरस फुटांची. त्यांची नात तेव्हा माझ्याच शाळेत होती. शाळा बदलायला ती तयार होईना. मानखुर्दहून हार्बरने डॉकयार्ड रोडला यायची, लेडीज डब्यात दाराशी उभी, आणि वर्गात आली की सांगायची, "बाई, आज आमच्या घरी नळाला पाणी आलं होतं." हे तिने किमान महिनाभर रोज सांगितलं असेल.

या माणसांना आपले वाटावेत असेही पुरस्कार झाले आहेत. २००० साली जॉकिन अर्पुतम यांना शांतता आणि आंतरराष्ट्रीय सामंजस्यासाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कोलारच्या सोन्याच्या खाणीच्या गावातून आलेला हा माणूस मानखुर्दच्या जनता कॉलनीत राहिला. ती कॉलनी आणीबाणीत, १९७६ साली, उठवली आणि माणसांना चीता कॅम्पला नेऊन टाकलं. ज्याच्या डोक्यावरचं छप्पर गेलं त्यालाच पुढे देशभरातल्या झोपडीवासीयांचा महासंघ चालवताना जगाने पाहिलं. २०११ मध्ये त्यांना आणि स्पार्कच्या शीला पटेल यांना एकाच वर्षी पद्मश्री मिळाली. २०१८ च्या ऑक्टोबरात जॉकिन गेले. मावशी म्हणतात, त्यांना बक्षीस मिळालं तेव्हा आम्ही पेढे वाटले, कारण ते आमच्यातलेच होते.

मृणालताई गोरे यांचं नाव मी इथे घेतलंच पाहिजे. नागरी कमाल जमीन धारणा कायदा १९७६ चा. मुंबईत ५०० चौरस मीटरच्या वरची मोकळी जमीन अतिरिक्त ठरत होती, पण ती सामान्यांच्या घरांपर्यंत पोचत नव्हती. मृणालताई, बाबूराव सामंत आणि त्यांचे सहकारी नागरी निवारा परिषदेच्या नावाने त्यासाठी वर्षानुवर्षं भांडले आणि गोरेगाव पूर्वेला, दिंडोशीच्या बाजूला, सहा हजारांहून जास्त घरं उभी राहिली. माझी नणंद तिथे राहते. शिपाई, परिचारिका, कारखान्यातले कामगार, शिक्षक अशी त्यांची इमारत आहे. तो कायदा महाराष्ट्रात २००७ साली रद्द झाला. ताई २०१२ मध्ये गेल्या. माझ्या नणंदेच्या घरात देव्हाऱ्याशेजारी ताईंचा फोटो आहे. मानपत्रं खूप लिहिली जातात, पण एवढी जागा फार थोड्यांना मिळते.

आणि ज्यांची नावं कधी कुठे आलीच नाहीत त्यांचं काय? १९८१ च्या जुलैमध्ये, भर पावसात, मुंबईच्या फूटपाथवरची माणसं उठवून गावी धाडायची घोषणा तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांनी केली. त्यावर सर्वोच्च न्यायालयात दावे गेले आणि १० जुलै १९८५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेला तो निकाल ओल्गा टेलिस या पत्रकार बाईंच्या नावाने ओळखला जातो. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो हे त्यात लिहिलं आहे, म्हणून वकिलीच्या पुस्तकांत तो असतो. माझ्या भाच्याने मला त्याची प्रत काढून दिली. इंग्रजी किचकट आहे, पण सुरुवातीची पानं मी शब्दकोश घेऊन वाचली. त्यात दाव्यातला एक माणूस आहे संगमनेरचा. गावात चपला-जोडे शिवून दिवसाला सात-आठ रुपये मिळवायचा. गावातलं घर पडलं. १९६९ साली मुंबईला आला, ३५० रुपये महिन्यावर बदली कामगार म्हणून लागला. तुळशीवाडीच्या फूटपाथवर जागा मिळावी म्हणून तिथल्या गुंडाला ३०० रुपये दिले आणि बांबू-प्लास्टिकला ७०० रुपये घातले. हजार रुपये. म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांचा पगार, फूटपाथच्या तुकड्यासाठी.

निकालात हक्क मान्य झाला, पण फूटपाथवर राहण्याची मुभा मिळाली नाही. नोटीस देऊन उठवता येईल, मात्र त्या वर्षीचा पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, हात लावायचा नाही, असं ठरलं. त्या संगमनेरच्या माणसाचं पुढे काय झालं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. देशाच्या कायद्यात एक ओळ वाढली त्यात त्याचे ते हजार रुपये होते. त्याला कुणी शाल दिली असेल का?

मोजणीबद्दल दोन शब्द, कारण पुरस्काराच्या मानपत्रात आकडे असतात आणि आकडे कसे गोळा होतात ते मी स्वतः केलं आहे. २०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. आम्ही शिक्षक प्रगणक. मी, आमच्या शाळेतले एक सर आणि एक हवालदार असे जे. जे. पुलाच्या खालच्या बाजूला फिरलो. एका बाईला मी विचारलं, घरात किती माणसं? तिने उलट विचारलं, "रात्रीची सांगू की पहाटेची?" तिचा नवरा आणि दोन मुलगे रात्री दोनला उठून भाऊच्या धक्क्यावर मासळीच्या टोपल्या उचलायला जात. तिच्याच पलीकडे लग्नाच्या कॅटरिंगला जाणारी पोरं झोपायची, ती रात्री एकच्या आधी येत नसत, नि आम्ही तिथे साडेअकराला होतो. त्यांच्या वळकट्या होत्या, माणसं नव्हती. वळकट्या मोजायचा रकाना अर्जात नसतो. त्या मोजणीत मुंबईत ५७ हजारांच्या आसपास बेघर निघाले. आमच्या पट्ट्यातली ती पोरं त्यात नाहीत, हे मला ठाऊक आहे. पुढच्या जनगणनेची तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. पद्धत तीच राहिली तर आदली रात्र पुन्हा बेघरांची असेल. त्या रात्री प्रत्येक प्रगणकाबरोबर त्या रस्त्यावरची एक बाई द्या. कोण केव्हा परततं, कोण कुठल्या वळचणीला निजतं, तिला सगळं पाठ असतं. १९८५ मध्ये हे भायखळ्यात करून दाखवलेलं आहे.

निवाऱ्यांचंही तसंच. शहरात दर लाख वस्तीमागे एक निवारा, दिवसरात्र आणि बारमाही चालणारा, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे. २०११ ची बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख धरली तर १२४ निवारे हवेत. आहेत ते निम्मेसुद्धा नाहीत. मी निवृत्तीनंतर दर गुरुवारी अशा एका निवाऱ्यात अक्षरओळखीचा वर्ग घेते. तिथला केअरटेकर रात्री बारा वाजता आलेल्या माणसाला आधी अंघोळीला गरम पाणी देतो आणि मग नाव विचारतो. मी त्याला कारण विचारलं. म्हणाला, बाई, अंघोळ झाली की माणूस नाव खरं सांगतो. त्याचा पगार दोन-दोन, तीन-तीन महिने थकतो. मागच्या दिवाळीला त्याने माझ्याकडून दीड हजार उसने घेतले आणि जानेवारीत न मागता परत आणून दिले. पुरस्कारांच्या कुठल्याही यादीत अशा माणसासाठी जागा मी पाहिलेली नाही. निवाऱ्यात झोपणाऱ्या चाळीस जणांना विचारलं तर चाळीसच्या चाळीस त्याचं नाव घेतील.

तेव्हा पुरस्कार देणाऱ्या सगळ्याच संस्थांना माझी कळकळीची विनंती आहे. निवड समितीत निम्म्या खुर्च्या फूटपाथवर, झोपडीत, संक्रमण शिबिरात दिवस काढलेल्यांना द्या. बैठक त्यांच्या वस्तीत घ्या आणि मराठी-हिंदीत घ्या. बैठकीला येणारीचा दिवसाचा रोज बुडतो, तो भरून द्या. ज्या घरांसाठी पुरस्कार द्यायचा त्या इमारतीत पाच वर्षांनी जाऊन या, तेव्हा लिफ्ट चालू आहे का, मेंटेनन्स झेपतो का, किती बिऱ्हाडं खोली विकून पुन्हा रस्त्याकडेला गेली, हे तिथल्या बायकांना विचारा आणि मग ठरवा. आणि आपण वर्तमानपत्रवाल्यांनीही फोटो छापताना कुंडी धरून उभ्या असलेल्या बायकांची नावं खाली छापावीत. त्या दिवशीच्या फोटोखाली 'मान्यवरांसह लाभार्थी महिला' एवढंच होतं.

मागच्या रविवारी मी मानखुर्दला गेले आणि मावशींना विचारलं, सांगा बघू, तुम्ही कुणाचं नाव सांगितलं असतं? त्या लगेच बोलल्या नाहीत. पोटमाळ्यावरून एक डबा काढायला लावला, त्यात जुन्या बचतीची त्यांची पिशवी होती, रंगीत कागद आता विटलेले. मग म्हणाल्या, एकदा सकाळी सकाळी तोडायला गाडी आली. सगळ्या जणी आपापली भांडी, पोरं, गोधड्या ओढत होत्या. पैसे गोळा करणारी जी बाई होती, तिच्याकडे तेव्हा आमच्या सगळ्यांच्या पिशव्या होत्या, सत्तर-ऐंशी. तिने तिच्या स्वतःच्या एकाही भांड्याला हात लावला नाही. पिशव्या लुगड्यात बांधल्या, लुगडं पोटाला आवळलं आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन बसली. तिची चूल, पत्रा, हंडा, सगळं गाडीत गेलं. संध्याकाळी तिने प्रत्येकीला बोलावून पिशवीतले कागद मोजून दाखवले. एक रुपयासुद्धा कमी नव्हता. खोल्या मिळाल्या तेव्हा ती नव्हती, आधीच्या पावसाळ्यात वारली. तिचा मुलगा राहतो आमच्याच मजल्यावर.

मावशींनी मला तिचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांचं आणि गावाचंही. मुलाच्या परवानगीशिवाय ते छापायला देणं बरं नाही, म्हणून इथे लिहिलेलं नाही. कागदावर लिहून ठेवलं आहे. कुठल्याही पुरस्कार समितीने मागितलं तर त्याला विचारून मी ते नेऊन देईन, मावशीही बरोबर येतील.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, काळाचौकी, मुंबई